चांगुणा तांडेलीण फुगीर फळीवरून गादीपर्यंत गेली त्याची हकीकत

नमन वाऱ्यास, जो कोणाची पदवी पुसत नाही. नमन पाण्यास, जे बुडविताना जात पाहत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, फाल्गुन वद्य पंचमी, तिसरे प्रहरी जे जाहले ते पाहिले तैसे लिहितो. गोड लागेल ऐसे लिहिणे हा आमचा धंदा नव्हे.

एक राज्य होते. नाव सांगत नाही, ज्याने त्याने ओळखावे. त्या राज्यात चाल ऐसी की, गादीपुढे सरदारांनी ताठ उभे राहावे आणि बाकी रयतेने गुडघे टेकावे. यास उभ्याचा मान म्हणत. आज्याने कधी काही केले असेल नसेल, नातू मात्र उभा. पिढ्यानपिढ्या न वाकल्याने सरदारांचे गुडघे गंजून गेले होते आणि त्या गंजाचाच त्यांस गर्व. मग एका परमुलुखीच्या सौदागराने महाराजांस फळी नजर केली. गुंडाळली तर वळकटी, पंपाने हवा भरिली तर दोन पुरुष लांब आणि पाटासारखी कठीण. वरी उभे राहावे, लांब वल्हे मारावे आणि पाण्यावरून चालल्यागत जावे. महाराज पाहून वेडे जाहले. पण फळीच्या पोटाखाली माशासारखा एक पर होता, तो कोळ्यांच्या जाळ्यात अडकला आणि महाराज खाडीत तोंडावर पडले. आता जाळी तेथे शंभर वर्षांची आणि महाराज तेथे त्याच सकाळचे. परंतु सरदारांनी ओरड केली की जाळी काढा. महाराजांनी पैलतीरी, पश्चिमेस, गादी मांडिली आणि दवंडी पिटविली की, जो कोणी फळीवरून सूर्य बुडण्याआधी गादीपाशी येईल त्यास खाडी इनाम. मग जाळी ठेवावी की जाळावी हे त्याने पाहावे. 'जो कोणी' हे शब्द चिटणिसाने हाताच्या सवयीने लिहिले. कोळीवाडाही त्यात येतो हे कोणाच्या डोक्यात आले नाही. येईल कसे?

फाल्गुनातला दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे नेमका गादीकडून तोंडावर. पहिले सरदार उदाजीराव फळीवर चढले. काठावर चांगुणा तांडेलीण जाळे सांधीत बसली होती, कोळीवाड्यातील पंधरा घरे तिच्या शब्दावर चालत. ती म्हणाली, "सरकार, बसा ना खाली. उभा मानूस म्हंजे शीड. वारा उलटा नेल."

"आम्ही बसावे? गादी समोर असता? आमचे आजोबा चार प्रहर उभे होते!"

"मग आजोबांनाच धाडायचं व्हतं."

उदाजीराव छाती काढून निघाले आणि तीच छाती वाऱ्यास सापडली. वल्हे पुढे, फळी मागे. तोंड गादीकडे, मान ताठ, ऐसे उलटे उलटे जात ते काठच्या तिवरांच्या झाडीत शिरले आणि चिखलात उभे राहिले. तीन वेळा गेले, तीन वेळा तेथेच आले. बाकीच्यांचेही तेच. तिवरांत सरदारांची रांग लागली.

मग चांगुणेने जाळे बाजूस ठेविले. दरबारचा कारभारी ओरडला, "तुला कुठे उभ्याचा मान?"

"नाय. म्हनून तर जमंल."

आणि तिने फळीच्या मधोमध गुडघे टेकिले, पाठ वाकविली, वल्हे खालून धरिले आणि फळीलगत लहान लहान वल्ही मारीत निघाली. तिवरांच्या आडोशाने गेली तोवर ठीक. मग उघडे पाणी आले आणि काळ सैल पडला. जाळ्याची एक खुंटी शेजारी आली ती जाईना. चांगुणा वल्हवीत होती, खुंटी तिच्याकडे पाहत होती, आणि हात थांबला की खुंटी पुढे सरके. गुडघ्यांखाली फळी झोपलेल्या गाईसारखी श्वास घेत होती. पाण्याच्या तळाशी तिच्या सासूने विणलेली जाळी हळूहळू हालत होती, त्यांतून चंदेरी बोयटे मासे जात येत होते, जणू कोणी दार उघडे ठेविले आहे. तिला वाटले आपण जात नाही, पैलतीरच आपल्याकडे यावयाचे की नाही याचा विचार करितो आहे. मग कधीतरी खुंटी मागे राहिली. सूर्याची कड गादीमागच्या जमिनीस लागली आणि फळीचे नाक गादीच्या पायरीस लागले.

महाराज गहिवरले. म्हणाले, "पहा, एवढ्या लांबून, भर पाण्यात, गुडघे टेकीत आली! ऐसी निष्ठा आमच्या एकाही सरदारात नाही." आणि खाडी, जाळ्यांसुद्धा, कोळीवाड्यास वंशपरंपरेने लिहून दिली व शिक्का केला. चांगुणेने "व्हय म्हाराज" म्हटले, कागद कमरेच्या पिशवीत घातला, फळी वळविली आणि उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी पसरला. वल्हे पायाशी पडून. वारा पदरात भरला आणि ती सोनेरी पाण्यावरून, गादीकडे पाठ करून, न हालता घरी चालली.

महाराजांनी पुसले, "ही आता पाठ का दाखविते?"

चिटणीस बोलिला, "महाराज, वारा तसा आहे."

एकूण हकीकत इतकी. खाडी कोळ्यांची राहिली. उभ्याचा मान सरदारांपाशी राहिला, तिवरांत, गुडघाभर चिखलात. आणि चांगुणेने गुडघे कोणापुढे टेकिले हे महाराजांस सांगण्याची छाती दरबारात कोणाची जाहली नाही, म्हणून येथे लिहून ठेविले: वाऱ्यापुढे.