तिसऱ्या स्टँडचं पान

पेडणेकर सर लॅपटॉप उघडण्याआधी भिंतीतली इंटरनेटची वायर उपटतात, तिची गुंडाळी करतात आणि डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवून झाकण लावतात. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मरून रंगाची टिकली चिकटवलेली आहे. सर अविवाहित. टिकल्यांचं पाकीट आणायला ते स्वतः लालबागच्या मार्केटात गेले होते आणि त्यानंतर बरेच दिवस परळच्या त्यांच्या चाळीत लोक त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. शेजारच्या एका बाईंनी तर अभिनंदन केलं.

"मी विचारलं, कशाबद्दल? तर हसून आत गेली," सर मला सांगत होते. "तिचो भरवसो नाय."

'भरवसो नाय' हे सरांचं पालुपद. त्यांचा जन्म परळचा, गाव मालवणकडचं. एरवी शुद्ध मराठी बोलतात, पण संशय आला की भाषा गावाला जाते.

दर रविवारी दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा हौशी वाद्यवृंद जमतो. त्याचं सगळं नोटेशन, म्हणजे कोणी काय वाजवायचं त्याचे कागद, सर लिहितात. पूर्वी हाताने लिहायचे, आता सॉफ्टवेअरवर. मी तिथे सेकंड व्हायोलिनमध्ये, म्हणजे व्हायोलिनच्या दुसऱ्या गटात, तिसऱ्या स्टँडवर वाजवते आणि लोअर परळला राहते, म्हणून शनिवारी सरांना संगणकावर मदत करायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच उभं केलं. आडनाव, गाव, वडील काय करतात, आजोबा कुठल्या गिरणीत होते. मी इंग्रजी शाळेतली. घाबरले की मला मराठी तर सुचत नाहीच, इंग्रजीही जेमतेम सुचतं. शेवटी त्यांनी विचारलं, "कोणाची गो तू?" आणि मी म्हणाले, "थर्ड स्टँड." हे उत्तर त्यांना का पटलं ते मला तेव्हा कळलं नाही, पण त्यांनी मला आत घेतलं.

माझ्यावर दाखवला तेवढाच विश्वास ते प्लगइनवर दाखवतात. नोटेशनचं मूळ सॉफ्टवेअर एका कंपनीचं असतं. त्यात जे होत नाही ते करणारे छोटे प्रोग्रॅम जगात कुठेतरी बसून दुसरंच कुणीतरी लिहितं आणि ते आपण त्याला जोडायचे. मी असा एखादा प्रोग्रॅम दाखवला की सर चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न विचारतात, "ह्यो कोणाचो?"

मी सांगितलं, थर्ड पार्टी. थर्ड पार्टी हा शब्द सरांना फक्त स्कूटरच्या विम्यातून माहीत होता. "म्हणजे ज्याला धडक बसते तो," ते म्हणाले. मी समजावलं की यांचं एक प्रमाण ठरलेलं असतं, प्लगइनने कशाला हात लावायचा आणि कशाला नाही याचे नियम असतात. सरांनी विचारलं, नियम पाळले नाहीत तर फौजदार कोण? मला माहीत नव्हतं. मग ते शांतपणे पोहे खायला बसले.

कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा त्याचे आकडे आपोआप घालणारं प्लगइन त्यांनी नाकारलं, कारण लिहिणाऱ्याच्या फोटोत त्याचे हात दिसत नव्हते. "बोटं लपवतोय," ते म्हणाले. चुका शोधणारं प्लगइन एकदा वापरू दिलं. त्याने एकही चूक काढली नाही, तेव्हा संशय दुप्पट झाला.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. पण माझाही सरांवर एक संशय होता.

वाद्यवृंदात दोघांत एक स्टँड असतो. दोघांपुढे एकच कागद, आणि आतल्या बाजूला बसतो त्याने पान उलटायचं. तेवढा वेळ त्याचं वाजवणं थांबतं, म्हणून चांगलं नोटेशन लिहिणारा पान अशा जागी संपवतो जिथे तसाही विराम असतो. माझ्या स्टँडवर आतल्या बाजूला कुमुदताई बसतात. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सुती साडी, पर्समध्ये पेपरमिंट. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून पितात. आमचं पान नेमकं सर्वांत अवघड, सर्वांत वेगवान ओळीच्या तोंडावर संपायचं. कुमुदताई व्हायोलिन मांडीवर ठेवायच्या, सावकाश पान उलटायच्या, "गेलं बाई एकदाचं पान," असं पुटपुटायच्या, आणि तोवर ती अख्खी ओळ मी एकटी आठवणीतून वाजवायची. एकाच रचनेत असं झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. सगळ्या रचनांत व्हायचं. आणि सर दाराजवळच्या खुर्चीत बसून त्याच वेळी आमच्या स्टँडकडे बघायचे.

मला वाटायचं, हा माणूस माझी परीक्षा घेतोय.

त्यातच आमचा सेक्रेटरी मिलिंद याने जाहीर केलं की येत्या रविवारी तो एकेक स्टँड वेगळा ऐकणार. जो अडखळेल तो कार्यक्रमाला स्टेजवर नसेल, प्रेक्षकांत बसेल. मिलिंद लोअर परळच्या एका ऑफिसात माणसं कमी करण्याचंच काम करतो, त्यामुळे त्याच्या आवाजात सराव होता. पानं विरामावर आणून ठेवणारं एक प्लगइन आहे, हेही त्याने कुठेतरी वाचलं होतं. ते घालून घ्या, असं त्याने सरांना सांगितलं. मला मनातून बरं वाटलं. अवघड ओळीत कुमुदताई सोबत असत्या तर माझी जागा वाचली असती.

शनिवारी सरांनी डब्यातून वायर काढली. प्लगइन उतरवून झाल्यावर ती लगेच परत डब्यात गेली. "ह्यो कोणाचो?" हे या वेळी त्यांनी विचारलंच नाही, त्याचंच मला आश्चर्य वाटलं.

प्लगइन चाललं. सगळ्या वाद्यांची पानं तपासून त्याने सांगितलं की एक सोडून सगळी ठीक आहेत. सेकंड व्हायोलिन, तिसरा स्टँड.

सेकंड व्हायोलिनचे सूर सगळ्यांना सारखेच. एकच पार्ट, म्हणजे त्या गटाच्या कागदांचा संच, छापायचा आणि त्याच्या प्रती काढायच्या. पण सरांच्या फोल्डरमध्ये आमच्या स्टँडचा पार्ट वेगळा होता. सूर तेच, फक्त पानं हाताने सरकवलेली. प्रत्येक रचनेत.

एवढे दिवस गिळलेलं एकदम तोंडात आलं. "सर, हे तुम्ही मुद्दाम केलंय. मला एकटीला का वाजवायला लावता?"

सरांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. पुसता पुसता म्हणाले, "तुला नाही. कुमुदची बोटं बघितलीस कधी?"

मी बघितली होती. सुजलेले सांधे, दोन तळव्यांतला कप. बघितलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

"वेगाचं तिला जमत नाही आता. वाजवणारा थांबला तर सगळे माना वळवतात. पान उलटणाऱ्याकडे कोणी बघत नाही."

"त्यांना माहीत आहे?"

"मी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही." मग टिकलीकडे बघत म्हणाले, "तरुणपणी आम्ही एका स्टँडवर होतो. माझी पानं तीच उलटायची. शेजारी पक्क्या हाताची मुलगी हवी, म्हणून तुला तिथे बसवली."

मी प्लगइन काढून टाकलं. ते पूर्ण गेलं ना, हे सरांनी मला पुन्हा पुन्हा तपासायला लावलं.

रविवारी आमची पाळी आली. अवघड ओळ आली, कुमुदताईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं, दोन्ही हातांनी कागदाचा कोपरा धरला आणि घाई न करता पान उलटलं. "गेलं बाई एकदाचं पान." मी वाजवत राहिले. ओळ संपली तेव्हा त्यांचा गज पुन्हा माझ्या गजासोबत होता, संथ आणि सुरेल.

मिलिंद कागदावर वाकला. "हे पान चुकीच्या जागी येतंय. ते प्लगइन घातलं नाहीत का?"

सर जमिनीकडे बघत होते. त्या हॉलमध्ये मी कधीच आपणहून तोंड उघडत नाही. "घातलं होतं," मी म्हणाले. "त्यात घोळ आहे. सूर खाली-वर करतं. मीच काढलं."

मिलिंदने खांदे उडवले. सूर तर नीट आले, असं म्हणून त्याने आम्हा दोघींच्या नावापुढे खूण केली आणि चौथ्या स्टँडला बोलावलं.

निघताना जिन्यात सरांनी मला गाठलं. नवीन प्लगइनकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "सूर खाली-वर करता, ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"कोणी नाही."

"मग तुझोय भरवसो नाय," ते म्हणाले, पण चष्मा कपाळावर गेला नाही.

मागून कुमुदताई कठडा धरत उतरत होत्या. सर दोन पायऱ्या वर गेले आणि त्यांच्या हातातली व्हायोलिनची पेटी त्यांनी काढून घेतली. "ह्या कडीचो भरवसो नाय," कपाळाला आठ्या घालून ते म्हणाले आणि पेटी छातीशी धरून त्यांच्या एक पायरी पुढे चालू लागले.

पेटीची कडी मीच लावली होती. चांगली घट्ट होती.