रीझलिंग आणि न उचललेला फोन

"मी दुरुस्त केलेली लिफ्ट अडकली, तर मिशी उतरवीन!" असं लिफ्टमिस्त्री चारचौघांत छातीठोकपणे सांगत. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी बायकोला वेगळाच शब्द दिला होता.

"आज कुणाचाही फोन येवो, उचलणार नाही! आपल्याच इमारतीची उंच गच्ची, समोर मावळता सूर्य आणि आपली रीझलिंग!"

ही पांढरी वाइन त्यांना एका हॉटेलवाल्यानं दिली होती, बंद लिफ्टमधून सोडवल्याबद्दल. "कुठंतरी झकास जागी बसून प्या," असं बजावून. तेव्हापासून बाटली फ्रिजमध्ये! एकदा बागेत गेले, तर फोन आला. तळ्याकाठी गेले, फोन आला. दर वेळी मिस्त्री पाना घेऊन पळाले आणि बायको बाटली घेऊन एकटी घरी परतली.

आज बंदोबस्त चोख होता. ग्लास आधीच गच्चीवर नेले, स्वतःचा फोनही तिथंच ठेवला. खिशात असला की हात जातोच! बायकोचा फोन घरी ठेवायला लावला. कुणी वर कडमडू नये म्हणून मजल्यामजल्यावर पाटी लावली, 'लिफ्टचं काम चालू आहे.'

बाटली घेऊन दोघं लिफ्टनं निघाली. गच्ची हाताशी आली आणि लिफ्ट हिसका देऊन थांबली.

"अहो?"

"काही नाही गं, दोन मिनिटं!"

मिस्त्रींनी बेल दाबली. बाहेरून शेजारच्या काकू म्हणाल्या, "बेल तपासताहेत वाटतं. छान वाजते हो, मिस्त्री!" मिस्त्री ओरडेपर्यंत त्यांचं दार लागलंही.

भिंतीवर मदतीसाठी फोन लावणारं बटण होतं. "अगं, त्याचा उपयोग..." मिस्त्री म्हणेपर्यंत बायकोनं ते दाबलं. वर गच्चीत मिस्त्रींचाच फोन वाजू लागला! तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा वाजला.

शेवटी दोघं खाली बसली. खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं मिस्त्रींनी बूच आत ढकललं. वाइन थंडगार, लिंबाच्या सालीच्या वासाची, गोडवा नावालाही नाही.

"छान आहे हो," बाटली तोंडाला लावून ती म्हणाली. "आपल्या ओट्याशी उभं राहूनही छानच लागली असती. उगाच इतकी वर्षं थांबवलंत."

मिस्त्रींना फार वाईट वाटलं. ते उठून पुन्हा पुन्हा बेल दाबू लागले.

"अहो, किती वेळ वाजवणार ती बेल!" म्हणत काकू भांडायला आल्या, तेव्हा कुठं सुटका झाली. गच्चीवर अंधार पडला होता. बायकोनं फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"शब्द पाळलात हं," ती म्हणाली.

सगळ्या जगाचे फोन पहिल्या रिंगला उचलणाऱ्या मिस्त्रींनी जन्मात एकदाच फोन उचलला नव्हता, आणि तो नेमका बायकोचा होता!