परबांचा निळा

परबांना 'क्ष' अजिबात खपत नसे. साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात ते लोखंडी कपाटांना स्प्रेने रंग मारत आणि मी स्टोअर सांभाळत असे. रंग मारायच्या आधी कपाटाच्या दारावर, आतून-बाहेरून, ते खडूने समीकरण मांडत आणि मग पुसत. घाटकोपरच्या एका गिऱ्हाइकाने कपाट उघडलं, तर आत पुसायचं राहिलेलं 'काळा + पिवळा = १२'. शिव्या मी खाल्ल्या.

"क्ष म्हणजे कोण रे? ना रूप, ना रंग," परब म्हणत. "शोधायचंय ना? मग आधी रंग दे!"

आपले जुने गणिती अज्ञात राशींना काळा, निळा, पिवळा, तांबडा अशी नावं देत, हे त्यांनी रद्दीतल्या एका पुस्तकात वाचलं होतं. तेव्हापासून त्यांनी माझं डोकं खाल्लं. पण परब स्वतः काळ्यावरून थेट पिवळ्यावर उडी मारत. "निळा संपला की काय?" मी चिडवायचो. ते ऐकलं न ऐकलं करत. बसणं तर ठाऊकच नाही. फाटक वाजलं की चहा टाकून धावत, आणि तसेच परत येत.

पंचेचाळिसाव्या वर्षी या गृहस्थाने मॅट्रिकचा बीजगणिताचा पेपर दिला. सगळा रंगांत! अर्थात नापास. मी भयंकर चिडलो.

"क्ष लिहिला असतात तर हात झडला असता का तुमचा?"

परब पहिल्यांदाच स्टुलावर बसले.

"माझा पोरगा याच पेपरात नापास झाला. मी पट्ट्यानं मारला त्याला. म्हटलं, एवढं सोपं येत नाय तुला? दुसऱ्या दिवशी घर सोडून गेला. दोन वर्षं झाली." ते हातावरचा रंग खरवडत राहिले. "सोपं नाय रे ते. मी पेपराला बसलो तेव्हा कळलं. कारखान्याचा पत्ता ठाऊक आहे त्याला. आला तर निकाल दाखवीन. म्हणेन, बघ, बाप पण नापास."

मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आणि निळा का वापरत नाही?"

"तो त्याच्यासाठी ठेवलाय. जाताना अंगात निळा शर्ट होता."

तेवढ्यात फाटक वाजलं. परब उठले. त्यांच्या आधी मी धावलो होतो.