आधी गुण, मग दोष

सुभद्राकाकूंच्या नवऱ्याचं श्राद्ध अहिल्याबाई घाटावर चाललं होतं. धाकटे दीर अप्पा दर्भाच्या आसनावर बसून पाणी सोडत होते, गुरुजी मंत्र सांगत होते, आणि शेजारधर्म म्हणून माझे वडील व मी मागच्या पायरीवर बसलो होतो. सगळं आटोपलं, गुरुजी ताम्हन आवरायला लागले, तेवढ्यात काकू उठून उभ्या राहिल्या. पदर सावरून त्यांनी सांगितलं, "पाठ एकंदर बरा झाला. आवाज स्पष्ट होता, साहित्य हाताशी होतं. पण गुरुजी, वर्गाकडे तुमचं लक्ष नव्हतं. मधे एका विद्यार्थ्याला डुलकी लागली, तरी तुम्ही पुढं सरकलात."

तो विद्यार्थी म्हणजे अप्पा. गुरुजींचा सगळा जन्म घाटावर श्राद्धं सांगण्यात गेला होता, पण त्यावर कुणी अभिप्राय दिल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, अप्पांनी गंगेकडे पाहिलं.

हे वेड काकूंना त्या वर्षीच लागलं होतं. आम्ही दोघी मास्तरणी होण्याचं शिक्षण घेत होतो. ते साहेबाच्या राज्याचे दिवस होते. सरकारचा नवा नियम आला होता की सर्टिफिकेट नसेल तर प्राथमिक शाळेत शिकवता येणार नाही. मी एकोणीस वर्षांची, वडिलांच्या हौसेपायी गेलेली. काकू चाळिशीला टेकलेल्या, आणि कुणाचीही हौस नसताना गेलेल्या. दुर्गाघाटाजवळच्या आमच्या मराठी मुलींच्या शाळेला बाई मिळत नव्हती, म्हणून गल्लीतल्या चार वडीलधाऱ्यांनी अप्पांची मनधरणी केली होती. अप्पांनी परवानगी दिली ती नाक मुरडून. एक वर्ष, एक परीक्षा. नापास झाली तर पुन्हा चूल, आणि शाळेचं नाव या घरात काढायचं नाही.

चुलीचा त्यांना आग्रह होता याला कारण होतं. अप्पांकडे देशावरून यात्रेकरू उतरायचे. अप्पा त्यांना घाट दाखवत, विधी सांगत. आणि दूधविनायकाच्या गल्लीतल्या त्या घरात सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचा स्वयंपाक काकू करत. अकराव्या वर्षी विधवा झाल्यापासून त्या तेच करत आल्या होत्या.

ट्रेनिंगच्या शाळेत आम्हाला पुष्कळ काही शिकवलं. मुलाचं मन म्हणजे कोरी पाटी नव्हे, मुलाला कुतूहल असतं, त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करून ठाऊक नसलेल्या गोष्टीकडे न्यावं. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे बडी बहिनजी, हे 'ज्ञात से अज्ञात की ओर' असं घोकून घेत. पण काकूंच्या मनात ठाण मांडून बसला तो आलोचना-पाठ. त्याची रीत अशी, की एकीनं खऱ्या मुलींचा वर्ग घ्यायचा, बाकीच्यांनी मागं बसून ऐकायचं. पाठ संपला की एकेकीनं उठून आधी गुण सांगायचे, मग दोष. गुण सांगितल्याशिवाय दोष काढायला मनाई होती. बडी बहिनजींचा हा नियम इतका कडक होता, की एकदा एकीला दुसरं काही सुचेना तेव्हा तिनं, पाठ घेणाऱ्या बहिनजी वर्गात वेळेवर आल्या, एवढ्यावर निभावलं.

काकूंनी ही रीत शाळेबाहेर आणली. ब्रह्माघाटावर कीर्तन झालं. आरती व्हायच्या आत त्यांनी बुवांना गाठलं. दृष्टांत छान, पण प्रस्तावना लांबली, आणि श्रोत्यांना एकही प्रश्न विचारला नाही. दूधवाल्याला त्यांनी सांगितलं की त्याचं माप स्वच्छ असतं, मात्र पाणी घालण्यात क्रमबद्धता नाही, कधी फार, कधी थोडं. तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून रोज सारखं पाणी घालू लागला. साताऱ्याच्या एका यात्रेकरूनं त्यांना दुर्गाघाटाची वाट विचारली, तर त्यांनी आधी त्याच्याकडून काढून घेतलं की तो आत्ता कुठं उभा आहे, सूर्य कुठं उगवतो, आणि मग गंगा कोणत्या अंगाला असेल. तो माणूस शेवटी बरोबर पोचला, पण वाटेत भेटेल त्याला या बाईंबद्दल सांगत गेला.

कळस झाला तो मला बघायला मंडळी आली तेव्हा. पोह्यांना हातभार लावायला आईनं काकूंना बोलावलं होतं. मुलाच्या मामांनी मला रीतसर विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, वाचता येतं का. मी तीनदा हो म्हटलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकूंचा आवाज आला.

"प्रश्न सोपे होते, मुलीला समजले. पण ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, तो प्रश्न शिक्षणशास्त्रात बाद धरतात. त्यातून मुलीच्या डोक्यात काय आहे ते कळत नाही."

मामांना माझ्या डोक्यात काय आहे ते जाणून घ्यायचं नव्हतं. ते स्थळ गेलं. आईनं काकूंशी महिनाभर अबोला धरला. मला मुलाचे कान आवडले नव्हते, त्यामुळे मी काकूंना जन्माची ऋणी आहे.

आता एवढी जगाला शिकवणारी बाई स्वतः कशी शिकवत असेल, असं तुम्हाला वाटेल. वाईट शिकवत. फळ्यापुढं उभ्या राहिल्या की त्यांना कागदाबाहेरचं काही सुचत नसे. पहिला पाठ त्यांनी गंगा नदीवर घेतला. ज्ञातापासून सुरुवात करायची म्हणून विचारलं, "बताओ, तुम्हारे घर के पास क्या बहता है?" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "नाली." वर्गानं एकमुखानं दुजोरा दिला. कुणाच्या दारात कोणती नाली वाहते, कुणाची तुंबली आहे, कुणाचा भाऊ कोणत्या नालीत पडला, याची माहिती सगळ्या बाकांवरून येऊ लागली. काकूंच्या कागदावर 'उत्तर: गंगाजी' असं लिहिलेलं होतं. नालीचं काय करायचं ते कागदावर नव्हतं. त्या उरलेला तास खडू धरून उभ्या राहिल्या. नंतर गुण सांगताना एकजण म्हणाली की बहिनजींनी पल्लू एकदाही घसरू दिला नाही. मग दोषांना सुरुवात झाली, ती घंटेपर्यंत पुरली.

मला वाटलं, काकू आता शाळा सोडणार. घरी जाताना मी हळूच पाहिलं, तर चेहरा प्रसन्न होता.

परीक्षेच्या पाठाला इन्स्पेक्ट्रेस मडम आल्या. उंच, टोप घातलेल्या, हिंदी बोलत पण घाईत. ज्यांचे पाठ आधी झाले होते त्या आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभ्या होतो. मडमनी काकूंना विषय दिला, नदी. काकू पाणी प्यायल्या, त्यांनी फळा पुसला आणि तोच प्रश्न विचारला. दुसरा त्यांना येतच नव्हता. वर्ग वेगळा होता, मुली वेगळ्या होत्या, पण गल्ल्या त्याच. उत्तर आलं, नाली.

हातातला कागद काकूंनी टेबलावर पालथा ठेवला.

"अच्छा. और नाली कहाँ जाती है?"

दुसऱ्या नालीत. ती कुठं? मोठ्या नाल्यात. नाला कुठं? मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एक म्हणाली, गंगाजी में. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलेलं दिसलं. आणि गंगाजी कुठं जाते? हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा काकूंनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली, पाटण्यावरून, बंगालमधून, थेट समुद्रापर्यंत. समुद्र आपण पाहिलेला नाही हेही त्यांनी मुलींना सांगून टाकलं. सगळ्या मिळून त्या न पाहिलेल्या समुद्राचा विचार करत बसल्या, आणि घंटा झाली.

मडमनी काहीतरी टिपलं, छत्री उचलली आणि त्या पुढच्या वर्गात गेल्या. परीक्षेत आलोचना नसते. बडी बहिनजीही त्यांच्यामागून गेल्या. मुली पळाल्या. काकू मात्र फळ्यापाशी उभ्याच होत्या. मी जवळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी काही बोलणार नाही?"

पुढं निकाल लागला, काकू पास झाल्या, शाळेत बाई म्हणून गेल्या, आणि अप्पांना स्वयंपाकाला माणूस ठेवावा लागला. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही घाटावर जाऊन बसलो. काकू नापास होण्याच्या भीतीनं गप्प आहेत असं समजून मी धीर देऊ लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"पास-नापासचं नाही गं. आमच्याकडे यात्रेकरू जेवून उठतात, अप्पांना म्हणतात व्यवस्था उत्तम होती. मी पडद्याआड ऐकते. मीठ कमी पडलं तर तेवढं माझ्यापर्यंत येतं. या शाळेत कसाही पाठ घेतला तरी एक गुण कुणाला तरी सांगावाच लागायचा. नियमच होता. पल्लूचं बोलली ना ती मुलगी, ते मी रात्री झोपताना दोनदा आठवलं होतं. आज वाटलं, जरा बरा झालाय पाठ. आजच नेमकं कुणी बोललं नाही."

मला रडू आलं. मग मी उठले, एक पायरी खाली उतरले, शाळेत उभी राहायची तशी त्यांच्यापुढं ताठ उभी राहिले आणि आलोचना सुरू केली. बहिनजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. त्यांनी मुलीचं उत्तर टाकून दिलं नाही, हाताला धरून पुढं नेलं. जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नाही म्हणाल्या. घंटेनंतरही एक मुलगी जिन्यात दुसरीला विचारत होती, समुद्र पुढं कुठं जातो. सुचेल तेवढं सांगितलं. त्यांनी रांधलेल्या श्राद्धाच्या खिरीपर्यंत गेले, मामांना परत पाठवलं तेही गुणांत धरलं. काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. मी थांबले तशी त्यांनी मान वर केली.

"आणि दोष?"

वरच्या देवळात आरतीची घंटा वाजायला लागली होती. मी म्हटलं, "घंटा झाली, काकू. वेळ संपला."

काकूंनी पदरानं डोळे पुसून घसा साफ केला.

"आलोचना एकंदर बरी झाली," त्या म्हणाल्या. "भाषा सोपी होती. पण वेणू, सांगताना तू रडत होतीस. त्यानं वर्गाचं लक्ष उडतं."