सखूच्या वाटणीचं सारवण

रोज उजाडताना आमच्या शेजारचा रंभाजी सुतार अंगणात उभा राहून घरातल्या कामांचा पुकारा करायचा. "भांडी, रंभाजी! भाकरी, बबन! झाडलोट, शेवंता!" आणि शेवटी, जरा मान वर करून, "सारवण, सखू!" सखू म्हणजे त्याची बायको. ती वारून वर्ष झालं होतं.

ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. मी मिरजगावला शाळेत शिकवत होते. आमच्या घरची वाटणी सोपी होती: कामं मी करायची आणि 'चहा झाला का' हे यांनी विचारायचं. रंभाजीचं तसं नव्हतं. सखू होती तेव्हापासून तो दारात बसून भांडी घासायचा, मिशांना राख लागेपर्यंत. कुणी हसलं की विचारायचा, "तुमी जेवत न्हाई व्हय? वाटणी म्हंजे वाटणी!" त्याच्या थोरल्या पोराची, बबनची भाकरी कधी गोल झाली नाही. रंभाजी ती हातात फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "कड वाकडी हाय, पर भाजलीय झ्याक."

सारवणाचं मात्र हसू येत नसे. सारवताना बोटांचे अर्धगोल उमटतात आणि त्यावरून बाईचा हात ओळखू येतो. सखू डावखुरी. तिचे अर्धगोल उलट्या अंगाला वळायचे. रंभाजीनं "सखू!" म्हणावं आणि बघावं तर ओटा आधीच ओला, अर्धगोल उलटेच. बाया त्या ओट्यावर पाय ठेवेनाशा झाल्या. मी धाकट्या शेवंताला विचारलं, तर वेणी घालता घालता म्हणाली, "आई करून जाती की." मी तिथून काढता पाय घेतला. यांनी तर आमची खाट रंभाजीच्या बाजूच्या भिंतीपासून लांब ओढली. लग्नानंतर आपणहून केलेलं त्यांचं ते पहिलं काम.

मग एक दिवस लाकूड तासताना रंभाजीच्या डाव्या हाताला पटाशी लागली. हाताला हे एवढं बँडेज बांधून तो संध्याकाळी माझ्या दारात आला.

"बाई, उद्या सखूची वाटणी ऱ्हानार."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "शेवंता करील की."

"न्हाई!" तो ओरडलाच. "आईचं काम पोरीच्या गळ्यात पडलं की जलमभर सुटत न्हाई. माझ्या भनीचं तसंच झालं. शाळा सुटली, हसनं सुटलं."

"मग मी सारवते."

"तुमी उजव्या," तो पडक्या आवाजात म्हणाला आणि गेला.

सकाळी पुकारा ऐकू आला नाही म्हणून मी बाहेर आले. रंभाजी अंगणात खिळून उभा होता. ओटा ओला होता. अर्धगोल उलटे होते. क्षणभर आम्हा दोघांनाही सखूच येऊन गेली असं वाटलं. मग मला दिसलं, ते अर्धगोल फार लहान होते.

शेवंता दारात उभी होती, डावा हात पाठीमागे लपवून. "आई येऊन गेली, आबा."

रंभाजीनं तिचा हात पुढे ओढला. बोटांच्या बेचक्यांत शेण वाळलं होतं.

"आई न्हाई येत, पोरी. मीच करत हुतो."

"ठावं हाय. तुमी उठला की मला रोज जाग यायची."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर आई गेली असती."

रंभाजीनं तांब्या घेतला आणि उजव्या हातानं तिची बोटं धुऊ लागला. शेण कधीच निघालं होतं, तरी तो धूतच राहिला.