कोंडाबाईंच्या गाडीचं कुलूप

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे गाड्या होत्या. सिंह तेवढा पायी फिरे, कारण पुढच्या वर्षी निवडणूक होती.

त्या जंगलात गाडीची किल्ली गाडीतच ठेवायची पद्धत होती. याला कारण होतं. प्राण्यांना खिसा नसतो.

कोंडाबाई साळिंदरीण मात्र किल्ली अंगावर ठेवत. पाठीवरच्या एका काट्याला अडकवली की झालं. त्या जंगलातल्या सुईण होत्या. साळिंदरीण आणि सुईण, यात हसण्यासारखं काही नाही. काटे मिटून घेता येतात. जंगलातली निम्मी पिल्लं त्यांच्या हातावर जन्मली होती आणि एकालाही ओरखडा नव्हता. कुणाचं दुखू लागलं की निरोप येई, कोंडाबाई कुलूप उघडत, गाडी काढत आणि वेळेवर पोचत. पोचल्या की गाडीला पुन्हा कुलूप लावत, मग आत जात.

एक दिवस सांबराची गाडी गेली. चार दिवसांनी भेकराची गेली. मग सशाची गेली. ती लहान होती, पण नवी होती.

चोर होता ओढ्यापलीकडचा तरस. त्याला कुलूप उघडता येत नसे. शिकायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

मोठ्या कातळावर सभा भरली. अध्यक्ष होते गवा दाजीसाहेब. ते कुठल्याही सभेला आले की अध्यक्षच होत, कारण त्यांना उठवणं शक्य नसे.

"चोऱ्या कमी झाल्या पाहिजेत," दाजीसाहेब म्हणाले. टाळ्या पडल्या.

कोंडाबाई उभ्या राहिल्या. "गाडीला कुलूप लावा आणि किल्ली काढून घ्या. काटे नसतील तर वेलीनं गळ्यात बांधा."

सांबर ताडकन उभा राहिला.

"म्हणजे माझी गाडी गेली ती माझ्याच चुकीनं?" सांबरानं विचारलं.

"तसं नव्हे हो, भाऊ."

"कुलूप म्हणजे शेजाऱ्यांवर अविश्वास," वानर चिटणीस म्हणाला. "आपण सगळे एका पाणवठ्याचं पाणी पितो. उद्या तुम्ही पाणवठ्यालाही कुलूप लावाल."

सभेनं वेगळा ठराव केला. ओढ्याकाठी पाटी लागली : 'येथे गाड्या चोरण्यास सक्त मनाई आहे.' तरसाला पाटी आवडली. तिची सावली चांगली पडे. तो चोरलेल्या गाड्या तिच्याखाली लावू लागला.

मग सभेनं एक समिती नेमली आणि तिनं जनजागृतीसाठी पदयात्रा काढली. सगळे उरलेल्या गाड्यांतून कातळापर्यंत आले, गाड्या लावल्या आणि 'चोरी हटवा' अशा घोषणा देत टेकडीला वळसा घालून आले. यात्रा फार यशस्वी झाली. परत आले तेव्हा कातळापाशी एकच गाडी उरली होती.

ती कोंडाबाईंची होती. तरसानं तिचंही दार ओढून पाहिलं होतं. उघडलं नाही, तेव्हा तो पुढच्या गाडीकडे वळला. मग त्याच्या पुढच्या.

सगळे त्या गाडीकडे बघत उभे राहिले. कोंडाबाईंना वाटलं, आता तरी यांना पटेल.

"मला एक सांगा," वानर चिटणीस हळूच म्हणाला, "चोर कुणाची गाडी चोरणार नाही?"

ससा बोटांवर नावं मोजू लागला.

"स्वतःची," वानर म्हणाला.

कोंडाबाई हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. सांबर तर त्यांच्या काट्यांकडे बघत होता, जणू प्रत्येक काट्याला एकेक चोरीची किल्ली असावी.

दुसऱ्या दिवसापासून कोंडाबाईंना निरोप येईना. त्या बिळाच्या तोंडाशी बसून राहत. कुणी आलं की उठायचं, पाहायचं, आणि ते पुढं निघून गेलं की पुन्हा बसायचं. चौथ्या दिवशी खारीकडून कळलं की भेकरीण दोन दिवस अडली होती. वानराच्या आत्याला बोलावलं होतं. तिनं बाहेर उभं राहून धीर दिला. भेकरीण कशीबशी जगली. पिल्लू राहिलं नाही.

"मला का नाही गं बोलावलं?" कोंडाबाईंनी विचारलं.

"तुम्ही कुलूप लावता ना," खार म्हणाली आणि झाडावर गेली.

कोंडाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तिसऱ्या प्रहरी त्या गाडीपाशी आल्या. काट्यावरची किल्ली काढली, गाडीत लावली, दार सताड उघडं ठेवलं आणि मागं न बघता बिळात गेल्या.

तरस आला. उघडं दार पाहून तो आधी थबकला. त्याला वाटलं, काहीतरी सापळा असावा. मग हे जंगल कुठलं ते त्याला आठवलं आणि तो गाडी घेऊन गेला.

बातमी कळताच सगळे कोंडाबाईंच्या बिळापाशी आले. सांबराच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, आम्ही तुम्हाला ओळखलं नाही," तो म्हणाला. वानरानं माफी मागितली आणि तिची नोंद इतिवृत्तात केली.

कोंडाबाईंचा कातळावर सत्कार झाला. शाल घालताना ती काट्यांत अडकून फाटली. दाजीसाहेबांनी भाषण केलं. "गेल्या पंधरा दिवसांत आपल्या जंगलात एकही गाडी चोरीला गेलेली नाही," ते म्हणाले. "हे समितीचं यश आहे."

हे खरंच होतं. जंगलात गाडीच उरली नव्हती.

शेजारच्या दोन जंगलांतून शिष्टमंडळं आली आणि हे कसं साधलं ते लिहून घेऊन गेली.

त्यानंतर एका सकाळी दाजीसाहेबांच्या सुनेचं दुखू लागलं. पहिलटकरीण होती आणि वासरू आडवं आलं होतं. कोंडाबाईंना निरोप गेला. त्या तशाच निघाल्या. मधे तीन टेकड्या होत्या. साळिंदराचे पाय आखूड असतात. पहिली टेकडी त्यांनी पळत काढली, दुसरी चालत, आणि तिसऱ्या टेकडीवर तर त्या दोनदा खाली बसल्या. पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि सुनेचा आवाज बसला होता.

कोंडाबाईंनी काटे मिटले आणि कामाला लागल्या. सूर्य कलला तेव्हा वासरू बाहेर आलं. बराच वेळ ते हललं नाही. मग त्यांनी त्याच्या नाकात फुंकर घातली आणि ते शिंकलं. सून वाचली, पण ती पुन्हा धड उभी राहायला पावसाळा उलटला.

कोंडाबाई हात धुऊन बाहेर आल्या. दाजीसाहेब रागानं खूर आपटत उभे होते.

"इतका उशीर? थोडक्यात वाचली पोर! अहो, सुईणीनं स्वतःची गाडी ठेवायला नको?"

कोंडाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या फार दमल्या होत्या.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या, आणि तीन टेकड्या चालायला निघाल्या.

तात्पर्य : चोरापासून सावध जरूर राहावे, मात्र शेजाऱ्यांपेक्षा जास्त सावध राहू नये.