जननदर समितीच्या दाराबाहेर

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या आमच्या मराठी मंडळाचा जननदर दक्षिण कोरियाच्याही खाली गेल्याचे अध्यक्ष पुरुषोत्तम काकांनी वार्षिक सभेत जाहीर केले. पडद्यावर अमेरिका, इटली, जपान, कोरिया आणि तळाशी आम्ही, असे उतरते स्तंभ होते. "तीस वर्षांनी आरतीला उभं कोण राहणार?" काकांनी विचारले. तातडीने जननदर संवर्धन समिती स्थापन झाली. वर्षभरात मूल झालेली मी एकटीच, म्हणून सदस्यपदी माझी बिनविरोध निवड झाली.

मी लगेच हो म्हटलं, कारण गरज माझीच होती. सोमवारी बाळंतपणाची रजा संपत होती आणि पाळणाघराच्या वेटिंग लिस्टवर माझ्या लेकीचा, ऋताचा नंबर चौऱ्याऐंशी होता. (नाव मी प्रेग्नन्सी टेस्टच्या दिवशीच नोंदवलं होतं. उशीर केलात, पाळणाघरवाले म्हणाले.) मंडळाची मागची खोली आठवडाभर रिकामी असते. शेजारच्या दोघी आया आणि मी मिळून एक सांभाळणारी ठेवणार होतो. फक्त जागा हवी होती.

शनिवारी ऋताला घेऊन समितीच्या पहिल्या सभेला गेले, तर कार्यवाह शैलजा काकू दारातच.

"अगं प्रीता, हिला कशाला आणलंस? पाच वर्षांखालच्यांना प्रवेश नाही."

"काकू, आजचा विषयच मुलं आहे ना?"

"मागे मधुमेहावर व्याख्यान झालं, तेव्हा साखर वाटली का आपण?"

शेवटी काकांनी तोडगा काढला: मी दाराच्या आत, ऋताची बाबागाडी बाहेर. तिथूनच मी खोलीसाठीचा अर्ज वाचला.

"सूचना उत्तम," काका म्हणाले, "पण मुलंच नाहीत, तर खोली कशाला?"

"खोली नाही म्हणूनच मुलं नाहीत, काका."

"हे सिद्ध करायला सर्व्हे लागेल."

सर्व्हेला ऑफिस लागतं. मागची खोली सर्वानुमते समितीला देण्यात आली. तेवढ्यात ऋताने भोकाड पसरलं. मी तिला घ्यायला बाहेर गेले आणि ठराव ऐकू येईना म्हणून आतून दार लावण्यात आलं.

सोमवारी मी नोकरी सोडली. 'माता घरी परतू लागल्या: उत्साहवर्धक कल' अशी समितीने अहवालात नोंद केली. मग काकूंचा फोन. "आता घरीच आहेस, तर दुसऱ्याचं मनावर घे ना!" पुढच्या सभेला मी गेले नाही, गैरहजेरीबद्दल माझं सदस्यत्व रद्द झालं.

तुम्ही हसत असाल. पण ऋता रडली तेव्हा 'पोरीला जरा लांब न्यायला काय झालं होतं हिला?' असं क्षणभर जरी मनात आलं असेल, तर अर्ज करा. समितीत एक जागा रिकामी आहे.